वळणावरून दाबलेलं बटण

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी गंगापूर रोडला एका आजींच्या बंगल्यावर. तक्रार : गेट रिमोटचं ऐकत नाही. सेल पाहिला, चांगला. लाल दिवाही लागतो. विचारलं, "घरात लहान मूल आहे का?" आजी म्हणाल्या, "नातू आला होता दिवाळीत. जाताना चुकून रिमोट पुण्याला घेऊन गेला, काल पाठवला परत." झालं. पठ्ठ्याने पुण्यात बसून बटण दाब दाब दाबलं असणार. मी गेटसमोर उभा राहून एकदा दाबलं, गेट ढिम्म. लगेच दुसऱ्यांदा दाबलं, सरकलं. "अगं बाई, तुमचा हात लागला की कसं चालतं!"

हाताचं काही नसतं. सांगितलं त्यांना. दर वेळी बटण दाबलं की रिमोटमधली चिप नवा आकडा पाठवते, तोही गुप्त किल्लीने घुसळून. गेटच्या मोटरला जोडलेल्या सर्किटकार्डाकडे तीच किल्ली असते, म्हणून त्याला तो उलगडतो. एकदा वापरलेला आकडा गेट पुन्हा कधीच घेत नाही, त्यामुळे चोराने हवेतून पकडून ठेवला तरी त्याला शिळंच मिळतं. रिमोट मोजत पुढे जातो, कार्ड त्याच्या मागोमाग मोजतं. रिमोट लांब कुठे दाबला तर तो एकटाच पुढे जातो, कार्डाला पत्ता नसतो. थोडाच पुढे गेला असेल तर कार्ड चालवून घेतं. बराच गेला असेल तर पहिल्या दाबाला गप्प बसतं आणि लगोलग पुढचा आला की मग ओळखतं, आपलाच आहे.

आजींनी सगळं शांतपणे ऐकलं, बेसनाचा लाडू दिला आणि म्हणाल्या, "म्हणजे दोनदा दाबायचं." हो. दोनदा दाबायचं.

सु.चा फोन संध्याकाळी. जेवलात का, काय केलं, पिठलं, कांदा जळला. एवढंच. श्रावणात घोटीला गेली आईचं करायला. सासूबाई दसऱ्याच्या आधी गेल्या. तेराव्यानंतर म्हणाली, भात काढून येते. भात निघालं. आता तिच्या भावाची, भास्करची राइस मिल चालू झालीय, त्याला एकट्याला झेपत नाही, थोडे दिवस बघते म्हणते. मी बरं म्हणतो. सगळ्यालाच बरं म्हणतो. लग्नाला एवढी वर्षं झाली, 'कधी येतेस' हे दोन शब्द काही तोंडातून निघत नाहीत. उद्या अंबडला शटरची मोटर बसवायची आहे.


१६ नोव्हेंबर, रविवार

वरचा भाडेकरू सागर, त्याची स्कूटर चोरीला. भाजी घ्यायला थांबला, चावी गाडीलाच. दोन मिनिटांचं काम म्हणे. चावीच्या जुडग्यात गेटचा रिमोट, आणि डिकीत आरसीची झेरॉक्स, तिच्यावर आपला पत्ता. पोलिसात जाऊन आला. त्याची बायको रूपाली खाली येऊन म्हणाली, "काका, त्या चोराला आता घराचं दारच उघडं झालं की हो."

म्हटलं, बघतो.


१७ नोव्हेंबर, सोमवार

बघायचं काय आहे त्यात. मलाच माहीत. आपल्या गेटचं कार्ड जुनं आहे, त्यातून एकच रिमोट काढता येत नाही. कार्डावरचं बारकं बटण दाबून धरायचं, दिवा विझेपर्यंत. सगळे रिमोट पुसले जातात. मग जे हाताशी आहेत ते एकेक करून परत शिकवायचे. पाच मिनिटांत होतं.

सु.चा रिमोट हाताशी नाही. तिच्या जुडग्यात आहे, घोटीला.

रूपालीला सांगितलं, "पार्ट यायचाय." दिवसभरात पहिलं खोटं, तेही धडधडीत. दुकानात तीच कार्डं खोकंभर पडलीत.


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गेटला साखळी-कुलूप लावलं. एक किल्ली वरच्यांना दिली. मोटर बसवण्याचा धंदा करणाऱ्या माणसाच्या गेटला साखळी! पलीकडचे वाघ हसले. हसू देत.

खरी गोष्ट इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे बोलायची सोय नाही. सु. बाहेरून आली की कॉर्नरच्या किराण्याच्या दुकानापाशी, वळणावरच बटण दाबायची. ती दिसायच्या आधी मोटर घुरघुरायची. मी आत बेंचवर सोल्डरिंग करत असलो तरी कळायचं, आली. सागर दाबतो तो अगदी गेटला टेकून, आणि त्याच्या मागे स्कूटर खोकते. सु.च्या वेळी नुसती मोटर, मागे काही नाही, मग बऱ्याच वेळाने चपला. चहाचं आधण मी त्या मधल्या वेळात ठेवायचो. तिला वाटायचं मला अंदाज येतो. अंदाज कसला, मोटर सांगायची.

आता ती न कळवता आली, वळणावरून दाबलं, आणि गेट हललं नाही, तर? बंद गेटसमोर पिशवी घेऊन उभी राहील आणि तिला जे वाटेल ते मला पुसता येणार नाही. साखळीचं निदान आल्या आल्या सांगता येतं.

रिमोट पाठवून दे म्हणावं, तर ते घराची किल्ली परत मागितल्यासारखं. रिमोट घेऊन ये म्हणावं, तर बोलावल्यासारखं. नुकती आई गेलीय तिची. अडकलोय.


२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. रूपालीने वांग्याचं भरीत आणि रोडगा पाठवला. आपल्याकडे यंदा सासूबाई गेल्यामुळे काही नाही, पण भरीत खाल्लं, खंडोबा समजून घेईल.

सु.चा फोन आला तेव्हा मी मीटर लावून एक रिमोट तपासत होतो. जरा वेगळ्या आवाजात बोलली. म्हणाली, "ऐका ना. काल मिलच्या ओट्यावर बसून बटण दाबलं मी. गेटचं. उघडलं का?"

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. म्हटलं, "वेडी का काय, घोटीहून कसं उघडेल? गल्लीच्या टोकापर्यंत पोचतं ते. आणि उगाच दाबत जाऊ नकोस, आकडा पुढे जातो. फार पुढे गेला की कार्ड ओळखणार नाही, मग परत शिकवावं लागेल."

"असं होय," म्हणाली. "बरं. नाही दाबत." ठेवला.

मीटरवर रिमोट ठीक निघाला. सेलची पट्टी गंजली होती, घासून दिली.


२९ नोव्हेंबर, शनिवार

परवा फोन नाही. काल नाही. मी केला, भास्करने उचलला, ताई काट्यावर हाय म्हणाला. वजनकाट्यावर. निरोप दिला. परत आला नाही.

थंडी पडायला लागली. कुंभमेळ्याच्या कामासाठी त्र्यंबक रोड पुन्हा खणलाय, सातपूरहून शहरात जायचं म्हणजे धूळ खात जायचं. घशात खवखव. सु. असती तर हळद-दूध, आणि त्याच्याबरोबर बोलणी.


२ डिसेंबर, मंगळवार

भास्करचा फोन दुपारी. मिल बंद होती, वीज नव्हती, म्हणून बोलायला सवड.

"दाजी, तुमी ताईला काय बोलला का?"

"नाही. का?"

"मिल थांबली की रोज ओट्यावर बसायची अन् ते तुमच्या गेटचं बटण दाबायची. नाशिकच्या बाजूला तोंड करून. त्याचा लाल दिवा लागतो ना, तो बघायची. मी म्हनलं, ताई काय हाय त्याच्यात? तर म्हने, काय नाय, सवय. आता बुधवारपासून नाय दाबत. डाळीच्या डब्यात टाकलाय तो."

तो म्हणाला, "हॅलो? दाजी? गेलं वाटतं," आणि ठेवला.

रोज. म्हणजे त्या एका दिवशीचं नव्हतं. ती सांगत होती मला. आपल्या पद्धतीने, आडून, पण सांगत होती, तिकडे बसून इकडचं दार उघडून बघत होती. आणि मी तिला रेंज सांगितली. वर दम दिला, आकडा पुढे जातो म्हणून! अरे गाढवा, जाऊ दे ना पुढे. कुणाच्या बापाचा आकडा.

रिमोट तपासताना आधी दिवा बघतो मी, मग आवाज, मग सेल. बायको बोलते तेव्हा यातलं काहीच तपासत नाही. आजचं काम हातून झालं नाही. दोन माणसं परत पाठवली.


६ डिसेंबर, शनिवार

आज जे झालं ते.

दिवस मावळायच्या सुमाराला साखळी काढून ठेवली होती, कारण रूपालीचं सिलिंडर यायचं होतं. मी बेंचवर. मोटर घुरघुरली. सागर सेकंड शिफ्टला, रूपाली वर, तिचा आवाज येत होता. मोटर आणि मागे काही नाही.

हातातली सोल्डरिंग गन तशीच टाकून धावलो. स्टुलाला अडखळलो. ओठात तिचं नाव होतं, म्हटलं असेल मी ते मोठ्याने, कारण रूपाली जिन्यावर आली.

गेट पूर्ण उघडं. रस्त्यावर एक मोटरसायकल, दोन पोरगे, मागच्याच्या हातात काहीतरी. मला पाहून वळवली आणि सुटले. सागरचा रिमोट. नक्की. सहज करून बघायला आले असतील, उघडतंय का.

रूपाली उरलेला जिना धावत उतरली. "काका, माझं मूल आत झोपलंय." मग एकदम रडायला लागली. मी तिला काय सांगणार, तू घाबरलीस त्या आवाजाने माझा जीव कसा हरखला ते. कुलूप लावलं.


७ डिसेंबर, रविवार

पुसलं.

सकाळीच कार्डाचं झाकण उघडलं, बटण दाबून धरलं, दिवा विझला. माझा, रूपालीचा आणि सागरला दिलेला नवा, एवढे शिकवले. चोराकडचा आता खेळणं. पोलिसांनाही कळवलं.

सु.चाही आता खेळणं. घोटीला डाळीच्या डब्यात.

रूपाली चहा घेऊन आली. बघत उभी राहिली. म्हणाली, "काका, पार्ट आला वाटतं?" मी मान खाली घातली. ती हसली नाही. म्हणाली, "काकूंचा राहिला ना? मग सरळ बोलवा की त्यांना. रिमोट कशाला पाहिजे मधे?" पोरीला काय जातंय बोलायला. बरोबर बोलली पण.


११ डिसेंबर, गुरुवार

दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. काय बोलू, गेट तुला ओळखत नाही आता, असं? फोनवर मी बोलतो ते रेंजच्या बाहेर जातं, अनुभव आहे.

दुपारी एक सुचलं. शिकवायला रिमोट आणि कार्ड एकमेकांजवळ लागतात. रिमोट इकडे यायला हवा असं कुठे लिहिलंय? कार्ड जाऊ शकतं. चार स्क्रू आणि एक बारा व्होल्टची बॅटरी. याआधी का नाही सुचलं. तीस वर्षं झाली धंद्यात, कधी कुणाच्या घरचं गेट पिशवीत घालून गावाला नेलं नाही, म्हणून.


१४ डिसेंबर, रविवार. घोटीहून परत आल्यावर

पहाटे कार्ड काढलं, फडक्यात गुंडाळलं, भाजीच्या पिशवीत. खाली बॅटरी. मोटरचं लॉक मोकळं केलं, वरच्यांना सांगितलं, आज ढकला. महामार्गच्या स्टँडवरून एसटी. कंडक्टरने पिशवीकडे पाहून विचारलं, "काय आहे?" म्हटलं, गेट. त्याने परत विचारलं नाही. वाडीवऱ्हेच्या पुढे भाताची खाचरं रिकामी, नुसते बुडखे. सूर्य डोक्यावर यायच्या आत पोचलो.

मिल चालू होती. पट्ट्याचा आवाज, सगळीकडे कोंड्याची धूळ. सु. काट्यावर उभी, डोक्याला फडकं, भुवया पांढऱ्या. एक म्हातारा पोती मोजायच्या आधीच तिच्याशी भांडत होता आणि ती त्याला, "बाबा, काटा माझ्या बापाचा नाय, खोटं नाय बोलणार," असं म्हणत होती. 'नाय' म्हणायला लागलीय परत, लग्नाआधीसारखी. मी दारातच उभा राहिलो. इतकी ताठ उभी राहिलेली तिला मी किती वर्षांत पाहिली नव्हती. सातपूरला माझं बेंच, माझी गिऱ्हाइकं, माझा फोन. ती आत. इथे सगळे ताई ताई करतात आणि तिला सगळं ठाऊक असतं.

भास्करने आधी पाहिलं. "आरं, दाजी! पिशवीत काय, भाजी आणली?"

"गेट आणलंय."

"लय झालं बा तुमचं," म्हणाला आणि शहाण्यासारखा पट्टा बंद करायला निघून गेला.

सु. आली. चेहरा पुसला, कोंडा आणखीच पसरला. "काय झालं? बरं आहे ना?"

म्हटलं, "बरं आहे. चोर आला होता, सागरच्या रिमोटने गेट उघडलं. सगळे पुसावे लागले. तुझाही. तुला न सांगता नको म्हणून..." पिशवी पुढे केली.

ती फडकं उलगडून बघत राहिली. "हे म्हणजे आपलं गेट?"

"त्याचं डोकं."

ऑफिस म्हणतात त्या खोलीत टेबलावर बॅटरीला जोडलं. म्हटलं, रिमोट आण. आत गेली, डाळीचा डबा घेऊन आली, तुरीच्या डाळीत हात घालून काढला. माझ्या हातात दिला तर हलका लागला. झाकण उघडलं. सेल नाही.

"काढून ठेवला," म्हणाली. "चुकून दाबला जायचा. तुम्ही म्हणालात ना, आकडा पुढे जातो."

सेल काढला तरी आकडा जात नाही, चिपच्या आठवणीत तसाच राहतो, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा एक तांत्रिक गोष्ट गिळली. खिशातून नवा सेल काढून घातला.

कार्डावरचं बटण दाबलं, दिवा लागला. "दाब." तिने दाबलं. "परत." परत दाबलं. दिवा लुकलुकून विझला.

"झालं?"

"झालं."

"मग ते मधलं? मी इथून इतके दिवस दाबलं ते?"

"ते कार्ड विचारत नाही. आज तू जिथे आहेस तिथून धरतं."

तिने दाबलं. कार्डावरचा रिले, म्हणजे मोटर चालू करणारा खटका, वाजला, टक. गेट नाही, मोटर नाही, टेबलावर नुसतं टक. ती दचकली, मग हसली. परत दाबलं, टक. परत. म्हाताऱ्याची पोती तशीच पडली होती, भास्कर काट्यावर जाऊन उभा राहिला होता, आणि ही लहान मुलीसारखी टक टक करत बसली. मी एका शब्दाने अडवलं नाही.

मग विचारलं. सेल बदलावा तितक्या सहज विचारायचं ठरवून आलो होतो, जमलं नाही. "सुलू, घरी कधी येतेस?"

टक थांबलं.

"इतके दिवस का नाय विचारलं?"

"तुला वाटलं असतं स्वयंपाकाला बोलावतोय."

"मग कशाला बोलावताय?"

म्हटलं, "संध्याकाळी मोटर वाजत नाही. मला करमत नाही ग." हे म्हणायला सातपूरहून घोटीला यावं लागलं.

ती रिमोटकडे बघत राहिली. अंगठा बटणावर फिरवत होती, दाबत नव्हती. मग म्हणाली, "मला पण नाय करमत तुमच्याशिवाय. जेवायला बसले की पहिला विचार येतो, यांनी आज काय जाळलं. पण मला इथं करमतंय सुद्धा. ही पंचाईत आहे. लोक विचारतात मला. मी सांगितलेलं ऐकतात. आई होती तोवर इथं राहायला आईचं नाव होतं, आता काय सांगू? आता माझं आहे."

मी बरं म्हणणार होतो. बरं म्हटलं नाही. म्हटलं, "मला दोन्ही कळतंय. तरी ये म्हणतोय."

डोळे पुसले तिने, पदराने, कोंड्यासकट. दुपारी इंद्रायणीचा भात आणि चिंचेची आमटी वाढली, भास्कर मध्ये बसून मिलचं बोलत राहिला, देव त्याचं भलं करो.

निघताना कार्ड सोडवायला गेलो तर म्हणाली, "हे राहू द्या इथे."

"आणि गेट?"

"ढकला हातानं. मी येईन तेव्हा मीच घेऊन येईन."

"कधी?"

"येईन तेव्हा."

बॅटरी उतरली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीला लाव, लाल तार लालला, एवढं सांगितलं. एसटीत पिशवी रिकामी होती. मांडीवर ठेवून बसलो, सवयीने सांभाळत.


१५ डिसेंबर, सोमवार

गेट ढकललं. जड आहे. इतकी वर्षं मोटरच्या जिवावर होतो, रुळात माती किती साचलीय ते कळलंच नाही. सगळी काढली.

रूपाली : "काका, आता तरी नवीन कार्ड बसवा. खोकंभर आहेत ना दुकानात?"

"पार्ट यायचाय."

"कुठून? घोटीहून?"

"हो."

आता खोटं नव्हतं. रूपालीने सागरला गेट ढकलायला लावलं आणि तो कुरकुरला तेव्हा त्याला डोळे वटारले.


१९ डिसेंबर, शुक्रवार

संध्याकाळी फोन वाजला. घोटी. उचलला. पलीकडून काही नाही. मागे मिल बंद पडत असल्याचा आवाज, हळूहळू उतरत जाणारा. मग, टक.

मी म्हटलं, "उघडलं."

फोन बंद.


२८ डिसेंबर, रविवार

रोज टक. कधी दिवेलागणीला, कधी नंतर. मी रोज "उघडलं" म्हणतो. मग जेवलात का, काय केलं. आज तिने सांगितलं, मिलमध्ये तांदळाच्या छोट्या पिशव्या भरायला सुरुवात केलीय, नाशिकला विकता येतील का बघा म्हणाली. आपल्या दुकानात ठेवायला काय हरकत आहे? मोटरा, रिमोट आणि इंद्रायणी. बोर्ड बदलावा लागेल. म्हटलं, पाठव. मग म्हटलं, "पाठव कशाला, घेऊन ये." हे मात्र मी न अडखळता बोललो.

"बघू," म्हणाली. पूर्वी माझं 'बरं' असायचं, आता तिचं 'बघू' आहे. फिटंफाट.

थंडी फार. एकट्याला अंथरूण गरम व्हायला वेळ लागतो, हे कुणाला सांगायचं.


४ जानेवारी, रविवार

काल आणि आज फोन नाही. भास्करला केला नाही मुद्दाम. तिचा तिने करावा.

गंगापूर रोडच्या आजींचा फोन आला मात्र. "अहो, पहिल्यांदा दाबलं की चालत नाही, दोनदा दाबलं की चालतं, दरवेळी." म्हटलं, एकदा जुळलं की पुढे एकदाच पुरतं आजी, सेल उतरला असेल, येतो. त्या म्हणाल्या, "घाई नाही. मला दोनदा दाबायची सवय झालीय." सेल बदलून आलो. लाडू नव्हते, चिक्की दिली.

संध्याकाळभर फोन समोर ठेवून बसलो. नवं कार्ड बसवावं असं एकदा मनात आलं. खोकं उघडलं, बंद केलं.


९ जानेवारी, शुक्रवार

फोन. मी कान लावून. मिलचा आवाज नाही. टक नाही.

"आज टक नाही?"

"कार्ड सोडवलंय," सु. म्हणाली. "फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलंय. लाल तारेवर चिकटपट्टी लावली, चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

"वर तांदळाच्या पिशव्या आहेत, दबणार नाय ना?"

"तांदूळ खाली घाल, कार्ड वर."

"तसंच करते. स्क्रू जागेवर आहेत?"

"आहेत."

"मग ठीक." पुढे म्हणाली, "किती दिवस राहीन ते आत्ता विचारू नका. मिल भास्करच्या एकट्याच्या हातात फार दिवस टाकवणार नाय मला."

"नाही विचारत."

"विचारा. पण गेट बसवल्यावर."

निघणार कधी, तेही सांगितलं नाही. गाडी मिळेल तशी येईन म्हणाली.

मग लक्षात आलं, कार्डही तिच्या पिशवीत आणि रिमोटही तिच्याच पिशवीत. वळणावर दाबलं तर पिशवीतल्या पिशवीत, आणि इथे मोटर मुकी. म्हणजे या वेळी मला आधी काही कळणार नाही. ती थेट गेटशी येऊन उभी राहील आणि मला हाताने ढकलून तिला आत घ्यावं लागेल. घेईन. रुळाला आज परत तेल दिलं.

मग चहा. मग कार्ड बसवायचं, टॉर्च धरायला तीच. आणि मग तिला म्हणायचं, सुलू, एवढं कर, थकली असशील तरी, परत त्या किराणा दुकानापर्यंत जा, वळणावर, आणि तिथून दाब. मी आत बेंचवर बसतो.

स्क्रू शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय फोन आल्यापासून. बरणीत ठेवले तर ऐन वेळी सापडायचे नाहीत.